चाळीस मिनिटांचा दगडू

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर अंधांसाठी चालवलेला एक संगणक वर्ग आहे. तिथे वीस वर्षांत भिंतीवर घड्याळ लागलेलं नाही, आणि लागलं असतं तरी बघणार कोण? तिथला काळ चाळीस-चाळीस मिनिटांनी पुढे सरकतो. कारण स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं जे सॉफ्टवेअर तिथे वापरतात ते परदेशी आहे आणि फुकटात हवं असेल तर एका बैठकीला चाळीसच मिनिटं बोलतं. मग त्याची दातखीळ बसते. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की परत चाळीस मिनिटं. त्यामुळे वेळ भरत आली की सगळे आपापलं काम सेव्ह करतात, मशीन रीस्टार्टला टाकतात आणि दाराशी भिवाजीने आणून ठेवलेल्या चहाच्या किटलीकडे वळतात. वर्गाचा शिपाई भिवाजी किटली ठेवताना मुद्दाम आवाज करतो. या चहाच्या सुट्ट्यांत कितीकांच्या नोकऱ्या ठरल्या, दोन लग्नं जमली आणि एक वेळेवर मोडलं.

त्या सॉफ्टवेअरच्या आवाजाला वर्गाने नाव ठेवलं आहे दगडू. कोरडा, एकसुरी, ना राग ना लोभ. मराठी वाचायला दिलं तर एखाद्या गोऱ्या पाहुण्याला आरती म्हणायला लावावी तसं वाचतो. पण वेगात पक्का. कितीही पळवा, एक शब्द गाळणार नाही. डोळस माणसाला तो वेग ऐकवला तर शेजारी मिक्सर लागलाय असं वाटतं. आणि वर्गात माणसाची पत त्या वेगावरच ठरते. ज्याचा दगडू जास्त सुसाट, तो जास्त शहाणा.

अशा ठिकाणी दगडूला पर्याय घेऊन जायची वेळ दक्षता नाखवावर आली, आणि तीही याच वर्गाची विद्यार्थिनी. बाळकुमच्या कोळीवाड्यातली ही जन्मांध मुलगी सहा वर्षांपूर्वी इथेच श्रीपाद लिमये सरांकडे कीबोर्ड शिकली. आता ती ठाण्याच्या एका कंपनीत होती. कंपनीने नवं सॉफ्टवेअर काढलं होतं, फुकट आणि वेळेचं बंधन नसलेलं. त्यात आसावरी नावाचा मराठी आवाज होता, आणि त्या आवाजावर दक्षताने दोन वर्षं घासलेली. एकेक शब्द हजार वेळा ऐकून तो नीट करून घेतलेला. पण कंपनीने अट घातली होती. महिनाअखेरपर्यंत रोज वापरणारे पन्नास जण मिळाले तर मराठी राहील, नाहीतर पुढे हिंदी आणि इंग्रजीच. एक्केचाळीस झाले होते. डोंबिवलीच्या वर्गात सरांसकट नऊ जण होते. हिशेब सोपा होता, माणसं सोपी नव्हती.

तिचा मॅनेजर सुश्रुत हा डोळस, उत्साही आणि जरा जास्तच नीटनेटका. पहिल्या शनिवारी तो सोबत आला तो चोवीस रंगीत स्लाइड्स घेऊन. कुणाला दाखवणार हा प्रश्न त्याला वर्गात पाऊल टाकल्यावर पडला. तरी त्याने हार मानली नाही. दक्षताच्या कानात म्हणाला, "तू आसावरी लाव. स्लो ठेव. गोड वाटलं पाहिजे."

दक्षताने लॅपटॉप स्पीकरला जोडला. आसावरी सावकाश, लाडिकपणे म्हणाली, "नमस्कार. आपले मनःपूर्वक स्वागत आहे. कृपया आपली फाइल निवडा."

मग कोपऱ्यातून नीलाताईंचा आवाज आला. नीलाताई ठाण्याच्या सरकारी ऑफिसात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि रिटायर झाल्यावर आपली जीभ त्यांनी पूर्णवेळ वर्गाला दिली होती. त्या म्हणाल्या, "हिला आधी काहीतरी खायला द्या गं. बिचारी उपाशी दिसते."

सगळे हसले. दक्षताचे कान तापले. तिने सुश्रुतचं न ऐकता वेग वाढवला, एक मराठी बातमी उघडली आणि आसावरीला पळवलं. हळूहळू खुर्च्या पुढे सरकल्याचे आवाज येऊ लागले. मराठी खरंच मराठीसारखी ऐकू येत होती. हेमा नावाची कॉलेजातली मुलगी पुटपुटली, "अगं, हिला कळतंय काय वाचतेय ते." दक्षताला वाटलं, जमलं. लिमये सर मात्र एका शब्दाने बोलत नव्हते.

"आणि महत्त्वाचं म्हणजे," दक्षता रंगात येऊन सांगू लागली, "ही चाळीस मिनिटांनी बंद पडत नाही. दिवसभर चालते. रीस्टार्ट नाही, काही नाही. तुम्ही..."

एवढ्यात दाराशी किटली ठेवल्याचा खणखणीत आवाज झाला. आणि दक्षताच्या बोटांनी तिला न विचारता परस्पर काम उरकलं. कंट्रोल एस, मग रीस्टार्टच्या त्या चार कळा ज्या तिने या खोलीत हजारो वेळा दाबल्या होत्या. आसावरी वाक्याच्या मध्यावर गप्प झाली, आणि क्षणभराने स्पीकरमधून मशीन नव्याने चालू झाल्याची धून वाजली.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग नीलाताई म्हणाल्या, "बंद पडत नाही म्हणालीस ना?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते भिवाजीच्या चहानेसुद्धा थांबेना. दक्षता सांगत होती की तिने स्वतःच रीस्टार्ट केला, सवयीने हात गेला, सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. पण दुकानदारच आपल्या मालावर विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला ठेवेल? लिमये सर शेवटी बोलले, तेही शांतपणे. "दक्षता, अडलं असेल तर माणसाने नवं घ्यावं. आमचं अडलेलं नाही. चहा घे." सुश्रुत चोवीस स्लाइड्स पिशवीत घालून खाली उतरला.

बाळकुमला आता शेताच्या जागी टॉवर उभे आहेत, पण नाखवांचं घर अजून जुन्या गावात, खाडीकडच्या अंगाला आहे. दक्षताची आई मंजुळा कळव्याच्या बाजारात मासे विकते. दक्षता घरी आली तेव्हा ती मागच्या ओट्यावर माशांची पाटी धूत होती. मुलीची पावलं ऐकूनच तिने ओळखलं.

"काय झालं गो? गिऱ्हाईक आलं नाय?"

"आलेलं. हसून गेलं." दक्षता ओट्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण रीस्टार्टपर्यंत आल्यावर तिलाच हसू फुटलं. मंजुळाही पाटी आपटून हसली.

"हसली ना माणसं? मंग बरं हाय," मंजुळा म्हणाली. "माझं ऐक. जी बाई छान हाय, ताजं हाय बोलत पुढं जाते ना, ती काय घेत नाय. जी पापलेटचा कल्ला उघडते, पोट दाबते, कालचं हाय बोलून भांडते, तिची पिशवी आधीच उघडी असते. तू त्यांना कल्ला उघडू दिलास का?"

दक्षता म्हणाली, "नाही गं. मी वरून बर्फ लावून नेलेलं."

"मंग घेणार कसं?" मंजुळाने पाटी उपडी घातली आणि ती चहा ठेवायला आत गेली. दक्षता बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. दोन वर्षं ती आसावरीच्या चुका एकटी शोधत होती, आणि वर्गात जाऊन मात्र तिने आसावरीत काही चूकच नाही असा आव आणला होता. ज्यांनी तिला चुका पकडायला शिकवलं त्यांच्यासमोर. तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली. स्लाइड्स नाहीत, सुश्रुत नाही. नऊच्या नऊ मशीनवर तिने दगडूच्या शेजारी आसावरी बसवून दिली आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली.

"मी विकायलाच आलेय, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण आज मी हिचं काही सांगणार नाही. तुम्ही हिला नावं ठेवा. जिथे अडखळेल, जिथे डोकं फिरवेल, जिथे दगडू हिच्यापेक्षा बरा वाटेल, ते सगळं मला सांगा. मी लिहून घेते."

नावं ठेवायची परवानगी मिळाल्यावर मराठी माणूस थांबतो की काय? पहिल्या पाच मिनिटांत खोलीचा बाजार झाला. नीलाताई म्हणाल्या, प्रत्येक वाक्याला कृपया, कृपया, हिला काय आम्ही जावई वाटलो? वर्गातल्या प्रणितने सांगितलं की तक्त्यात ती रकान्याचं नाव दोनदा घेते. हेमाने तारखा चुकीच्या वाचण्यावरून तिला धरलं. आणि लिमये सरांनी, जे आधी कीबोर्डला हात लावायलाही तयार नव्हते, वेग एकदम टोकाला नेला आणि विजयी स्वरात म्हणाले, "हे बघ. पळताना वाक्याच्या शेवटचा शब्द गिळते. दगडूने वीस वर्षांत एक शब्द गिळलेला नाही."

"बरोबर आहे सर," दक्षता म्हणाली. ही चूक खरी होती आणि मोठी होती. तिने टिपून घेतली.

मग किटली वाजली. नऊ जणांची बोटं कळांवर गेली आणि तिथेच थबकली. "कुणी हात लावायचा नाही," लिमये सरांनी हुकूम सोडला. "बघू या किती दम आहे ते." सगळे दाराशी गेले, पण त्या दिवशी चहाची चव कुणी घेतली नाही. कान खोलीत ठेवून माणसं उभी होती, फटाक्याला वात लावून लांब उभं राहावं तशी. आत नऊ मशीनवर आसावरी आपली वाचत होती. एक्केचाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. तासाभराने प्रणित कंटाळून म्हणाला, "यार, ही तर थांबायलाच तयार नाही."

"म्हणजे आता चहा बंद?" नीलाताईंनी चिंतेने विचारलं.

यावर चर्चा झाली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. सॉफ्टवेअर कोणतंही असो, चहा चाळीस मिनिटांनीच.

दक्षता ठाण्याला परतली ती एकोणीस चुका घेऊन. त्यातल्या अकरा एकट्या लिमये सरांच्या. सुश्रुतने यादी वाचली आणि कपाळाला हात लावला. "तुला होकार आणायला पाठवलेलं. तू एकोणीस नकार घेऊन आलीस."

"ज्याला नको असतं ना सुश्रुत, तो चहा थंड करून एवढा वेळ घालवत नाही," ती म्हणाली. "हे सुधारून दे. बाकी माझ्यावर सोड."

सुश्रुत नीटनेटका होता, पण माणूस वाईट नव्हता. तो इंजिनिअरांच्या मानगुटीवर बसला. आठ दिवसांत सात चुका सुटल्या. कृपया गेलं, तक्ता सुधारला, आणि सगळ्यात अवघड असलेलं शब्द गिळणं बंद झालं.

तिसऱ्या शनिवारी लिमये सरांनी पहिली तीच चूक तपासली. वेग टोकाला, मग त्याच्याही पुढे. आसावरी पळत होती आणि प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेऊन सोडत होती. सरांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. किटली वाजली, सगळे बाहेर गेले, पण सर खुर्चीवरून उठले नाहीत. दक्षताही थांबली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण सरांचं गप्प राहणं तिला आवडलं नाही.

"सर, काही चुकतंय का अजून?"

"नाही. चांगलं आहे," सर म्हणाले. मग थोडं थांबून, "दक्षता, तू समजूतदार आहेस म्हणून सांगतो. दगडूच्या सगळ्या कळा माझ्या बोटांत आहेत. वीस वर्षं मी प्रत्येकाला हात धरून शिकवलं. कुणाचं अडलं की हाक यायची, सर. आता हे नवं. इथे मी आणि कालचा आलेला मुलगा सारखेच. एकाहत्तराव्या वर्षी मी बालवाडीत बसायचं, आणि शिकवणार कोण? तू?"

त्यात राग नव्हता. भीती होती, आणि सरांच्या तोंडून भीती ऐकायची दक्षताला सवय नव्हती. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, जिथे ती अठरा वर्षांची असताना बसायची.

"मी नाही शिकवू शकत सर," ती म्हणाली. "मला शिकवता येत नाही, तुम्हाला माहितीये. मी पहिल्या दिवशी केलेलं ते ऐकलंत ना? या सॉफ्टवेअरला मराठीत एकही धडा नाहीये. आहे ते सगळं इंग्रजी, तेही डोळस माणसाने लिहिलेलं. 'उजवीकडच्या निळ्या बटणावर क्लिक करा' असलं. नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? मी नुसती चुका सुधारून आणेन."

बाहेर नीलाताई कुणाला तरी चिडवत होत्या. मग सरांनी घसा खाकरला. "निळं बटण? असं लिहिलंय?"

"हो सर."

"मूर्ख आहेत," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुनी धार परत आली. "पुढच्या शनिवारी ये. तुझ्या त्या सुश्रुतलाही आण. आणि जरा बऱ्या कपड्यांत या."

महिन्याचा शेवटचा शनिवार होता. दक्षताने मंजुळाची हिरवी साडी नेसली. वर्गात शिरली तर अगरबत्तीचा आणि मोगऱ्याचा वास. तिने सुश्रुतला हळूच विचारलं, "काय आहे रे?"

"एका सीपीयूवर शाल पांघरलीये," सुश्रुत चक्रावून म्हणाला. "कीबोर्डजवळ नारळ आहे."

"शाल पंख्याच्या जाळीवर घालू नका, गरम होईल बिचारा," नीलाताई सूचना देत होत्या. भिवाजीने शाल सारखी केली. मग लिमये सर उभे राहिले आणि दक्षताच्या लक्षात आलं. हा निरोप समारंभ होता. बँकेत, शाळेत, ऑफिसात होतो तसा, दगडूच्या सेवानिवृत्तीचा.

सर बोलले ते मोजकं. "मी बँकेत टेलिफोनवर होतो. कॉम्प्युटर आले तेव्हा मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि काम काढून घेतलं. चार वर्षं मी नुसता बसून पगार घेतला. त्याच्यासारखी शिक्षा नाही. मग हा आला. माझ्या नावाने आलेलं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचलं ते याच्या तोंडून. बढती नाकारल्याचं पत्र होतं. पण मला इतका आनंद झाला की मी साहेबांना पेढे नेऊन दिले." सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचा आवाज हलला. "याचं मराठी वाईट होतं. दोष त्याचा नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही. चाळीस मिनिटं का होईना, तो रोज आला. आपण त्याचे आभार मानू."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी नाक ओढलं. त्या नीलाताई होत्या, आणि त्या कबूल करणार नव्हत्या.

सर खुर्चीवर बसले. त्यांनी एकेक कळ दाबत दगडूला मशीनवरून काढून टाकायच्या शेवटच्या पायरीपर्यंत आणून ठेवलं. दगडूने नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "आर यू शुअर?"

खोलीत कुणी हललं नाही. दक्षताची दोन वर्षं त्या एका कळेवर होती, पण त्या क्षणी तिला त्याची आठवण नव्हती. दगडूने तिलाही पहिलं पान वाचून दाखवलं होतं.

सरांनी एंटर दाबलं. दगडू काहीतरी सांगू लागला आणि शब्द अर्धाच राहिला. एकामागून एक उरलेल्या आठ मशीनवरही तेच झालं. इतकी शांतता त्या खोलीत दक्षताने कधी ऐकली नव्हती.

सुश्रुत तिच्या कानाशी लागला. "नऊ. दक्षता, पन्नास झाले. मराठी राहिली." त्याचा आवाज चक्क ओला होता. ती हसत होती आणि गाल भिजत होते.

तोवर सरांनी आसावरी चालू केली आणि वेग पार टोकाला नेला. खुर्च्या सरकल्या, कीबोर्ड खडखडू लागले. "पहिला धडा," सर मोठ्याने म्हणाले, "मी काल लिहून काढलाय. सगळ्यांनी उघडा. दक्षता, तू मागे काय उभी आहेस? खुर्ची घे आणि पुढे बस. रात्रभर वापरली तुझी आसावरी, आणखी सहा चुका सापडल्यात. लिहून घे, सोमवारपर्यंत पाहिजेत मला."